अलवीक्काची गाठ

केरळातल्या अरीकोडमध्ये अलवीक्काचं घर शोधायला पत्ता लागत नाही. जिथे सगळंच बांधून ठेवलेलं दिसेल ते घर त्याचं, असं लोक सांगतात. फाटकाची कडी बांधलेली, कोंबड्यांचं खुराडं बांधलेलं, बादलीचा तुटका कानही बांधलेला. आणि सगळीकडे तीच पिवळी नायलॉनची दोरी, तीच गाठ. अर्धं आयुष्य आखातात, दोहात एसी दुरुस्त करण्यात गेलं आणि दर सुट्टीला घरी येताना खोकी बांधण्यात. विमानतळावर कुणी कितीही आपटलं तरी न सुटणारी ती गाठ मारून घ्यायला कामगारांच्या कॅम्पातली माणसं त्याच्यापुढे रांग लावत. अशी कला एकदा हातात मुरली की माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

गाठ मारायची अलवीक्काने आणि सोडायची बिय्यात्तूने, अशी या नवरा-बायकोची जन्माची वाटणी. दोरी वाया जाते म्हणून तिने कधी सुरी लावली नाही. नखांनी, दातांनी, नाहीच जमलं तर डोक्यातला आकडा काढून, नवऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत ती गाठ सोडायची.

फक्त एक खोकं तिला सोडता आलं नव्हतं. नोकरी संपवून कायमचं परत येताना आणलेलं ते खोकं पुढच्या खोलीतल्या कपाटावर तसंच पडलेलं होतं. "राहू दे," अलवीक्का म्हणायचा, "परत जायची वेळ आली तर पुन्हा बांधायची कटकट नको." कालवणात मीठ कमी पडलं, लेकीचा फोन आला नाही, काहीही बिनसलं की त्याची नजर त्या खोक्याकडे जायची. आणि ती गेली की बिय्यात्तूला वाटायचं, आता हे परत जाणार. हे तिने त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. बाकी सगळं बोलून दाखवलं होतं.

यंदाच्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी अलवीक्काने पुढच्या खोलीचं होम थिएटर केलं. एका भिंतीपाशी हा एवढा टीव्ही, चारी कोपऱ्यांत स्पीकर, आणि समोरच्या कपाटात सेट टॉप बॉक्स व ॲम्प्लिफायर. दोहात त्याने प्रत्येक फायनल कॅम्पाच्या जेवणघरात पाहिली होती, मांडीवर ताट आणि आजूबाजूला भलत्याच मुलखातली माणसं. ही फायनल त्याला आपल्या घरात, आपल्या माणसांत बसून बघायची होती. गावातल्या अख्ख्या फुटबॉल क्लबाला आमंत्रण गेलं.

फायनलच्या दिवशी दुपारी त्याने टीव्ही लावला आणि चित्र लुकलुकायला लागलं. क्षणात मैदान, क्षणात अंधार, मधूनच हिरवळीवर चांदण्या. शेजारचा हम्सा तेवढ्यात येऊन टेकला. हम्सा ब्राझीलचा भक्त, अलवीक्का आज फायनल खेळणाऱ्या अर्जेंटिनाचा. त्यामुळे दोघांची मैत्री फार जुनी होती.

"अलवीक्का, ही मॅच आहे की लग्नाच्या मांडवाची रोषणाई?"

"व्होल्टेज," अलवीक्का म्हणाला आणि स्टॅबिलायझर लावला. लुकलुक चालूच. मग त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, तो मिक्सर बंद कर! तुझ्या खोबऱ्यापायी इथे मैदान नाचतंय."

मिक्सर थांबला. मैदान नाचतच राहिलं. खोबरं बिचारं फुकट बदनाम झालं.

मग त्याने ॲम्प्लिफायर बाजूला ठेवला, सेट टॉप बॉक्स टीव्हीपाशी नेला आणि आखूड केबलने सरळ टीव्हीला जोडला. चित्र शहाण्यासारखं उभं राहिलं, पण आवाज टीव्हीच्या पोटातून, सर्दी झाल्यासारखा.

"झालं की. असंच बघू," हम्सा म्हणाला.

"मग हे स्पीकर काय लोणचं घालायला आणलेत? दोष ॲम्प्लिफायरचा आहे. थांब जरा." त्याने बॉक्स जागेवर नेला, ॲम्प्लिफायरची भोकं बदलून पाहिली, बंद-चालू करून पाहिला, सेटिंगा फिरवल्या. "अरे, दोहात अख्ख्या हॉटेलचा गारवा माझ्या हातात होता!"

"तिथे असेल गारवा. इथे नुसता घाम निघतोय. ॲम्प्लिफायरपासून टीव्हीपर्यंतची केबल पाहिलीत का?"

"ती केबल दोहाची आहे. मी स्वतः नीट बांधून ठेवलीय. तिला काय होतंय?"

हम्साने घड्याळाकडे पाहिलं. मग मायेनेच म्हणाला, "माझा टीव्ही लहान आहे, पण डोळे मिचकावत नाही. सगळ्यांना तिकडेच बोलावू का?"

ते मात्र अलवीक्काच्या वर्मी लागलं. तो कोचावर बसला. "बोलाव," म्हणाला. "मी उगाच आलो परत. तिथे निदान माझ्या हाताला यश होतं." आणि त्याने मान वर करून खोक्याकडे पाहिलं.

दारात उभ्या बिय्यात्तूने ते पाहिलं. खोबऱ्याचे हात पदराला पुसत ती सरळ टीव्हीच्या मागे शिरली. मागून थोडी खुडबुड ऐकू आली, आणि मग तिचा आवाज.

"अहो, ही केबल कुठल्या विमानात चढवायची होती?"

उरलेल्या केबलची घडी घालून अलवीक्काने तिची वीट केली होती. उभी-आडवी पिवळी दोरी आवळलेली, आणि वर ती गाठ. घडीच्या टोकांशी केबल पार दुमडली होती.

"पसारा दिसू नये म्हणून बांधली," अलवीक्का पुटपुटला.

"गळा आवळलाय बिचारीचा! डोळे पांढरे करेल नाही तर काय करेल?"

ती फरशीवर बसली आणि नेहमीसारखी गाठ सोडायला लागली. आधी नखं, मग दात, शेवटी डोक्यातला आकडा. दोरी सुटली तशी तिने केबल सरळ केली आणि मोठी सैल वेटोळी करून खाली ठेवली. चित्र एकदा लुकलुकलं, दुसऱ्यांदा लुकलुकलं आणि थांबलं. चारी कोपऱ्यांतून मैदानाचा गलका उठला.

"अरे देवा," हम्सा म्हणाला, "आता अर्जेंटिनाच्या चुकाही स्वच्छ दिसणार."

अलवीक्का हसला. बिय्यात्तू हसली नाही. दोरी हाताला गुंडाळत ती म्हणाली, "हात लागलेलाच आहे, तर ते वरचंही उतरवा."

"अगं, पण परत जायची वेळ..."

"आली तर मी बांधून देईन. इतकी वर्षं सोडून सोडून मलाही येते ती गाठ." एवढं बोलून तिने वर खोक्याकडे पाहिलं. "पण मला ते खोकं तिथे बघवत नाही हो."

हम्सा एकाएकी स्पीकर निरखायला लागला. मग अलवीक्का स्टुलावर चढला आणि खोकं खाली उतरवलं.

आत कामाचे निळे कपडे होते, एक चादर आणि कॅम्पातलं स्टीलचं ताट. संध्याकाळी बिय्यात्तूने त्याच ताटात त्याला तांदळाच्या पातळ पत्तिरी भाकऱ्या आणि कोंबडीचं कालवण वाढलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. अलवीक्का फरशीवर, हम्साच्या गुडघ्यात आणि क्लबाच्या कोपरांत चेंगरून, मांडीवर ताट घेऊन बसला होता. गोल झाला तेव्हा कालवण हम्साच्या लुंगीवर सांडलं. ते मुद्दाम सांडलं, असं हम्सा अजून म्हणतो.

दुसऱ्या दिवशी अंगणात खोक्याची दोरी ताणलेली होती आणि तिच्यावर दोहाचे निळे कपडे वाळत होते. दोरीची टोकं बिय्यात्तूने बांधली होती. साधी गाठ, ओढली की सुटणारी. ती पाहून अलवीक्काचे हात शिवशिवले.

"हात लावू नका," स्वयंपाकघरातून आवाज आला.

त्याने नाही लावला.