दम तुटला की बाद

हात वर करायचा आणि म्हणायचं, "बाद." पंचबाईंपुरता विषय तिथे संपायचा. आमच्या इमारतीत पाणी सोडणाऱ्यापासून सेक्रेटरीपर्यंत सगळे कधी ना कधी त्यांच्याकडून बाद झाले होते.

तीस वर्षं त्या कबड्डीच्या पंच होत्या. छातीतली गाठ हाताला लागली तेव्हा स्पर्धांचा हंगाम होता. डॉक्टरकडे गेल्या तो संपल्यावर. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. फिजिओथेरपिस्टने कागद दिला: रोज थोडं चाला, सोबत कोणीतरी हवं, चालताना बोलता आलं पाहिजे. ताप असेल तर व्यायाम नाही, लगेच हॉस्पिटल. माझी ड्युटी दुपारची, म्हणून सकाळची सोबत माझ्याकडे आली.

"तुझ्याशी काय बोलायचं? पेपरवाला तू, सगळं छापशील."

मग त्या चालताना "कबड्डी, कबड्डी" पुटपुटू लागल्या. आवाज तुटला की स्वतःला बाद करायच्या आणि कंपाउंडमधल्या बाकावर बसायच्या. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने. कधी चौथ्या फेरीला बाद, केमोच्या आठवड्यात पहिल्याच. वारा कांजूरच्या कचऱ्याच्या डम्पिंगकडून आला की खेळच नाही.

एकदा मी म्हटलं, "अर्धीच फेरी राहिलीय."

"दम तुटला रे. ऐकू नाही आलं तुला?"

दमलेलं माणूस स्वतःशी थोडी लबाडी करतं, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यांना ती जमली नाही.

मंडळाच्या स्पर्धेत पहिल्या सामन्याची शिट्टी त्यांनीच वाजवायची, असं ठरलं होतं. महिनाभर त्या तेवढ्यासाठी चालत होत्या. त्या सकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता. थर्मामीटर एकशे एक दाखवत होता.

"दहा मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार?" मी म्हटलं. मीही थकलो होतो.

"मला कळलं ना." डावा हात वर झाला. "रिक्षा आण. हॉस्पिटलला जायचंय."

त्या वेळी त्या आठ दिवसांनी घरी आल्या. पुढच्या वर्षी गेल्या, त्या आल्या नाहीत. बाकावर आता कुरियरवाले टेकतात.

मला ती रिक्षा आठवते. मैदानाशेजारच्या सिग्नलला आम्ही थांबलो होतो. आत सामना सुरू झाला होता. बाईंचे डोळे मिटलेले. शिट्टी ऐकू आली.

"उशिरा वाजवली," त्या म्हणाल्या.