टाकीवरचे तीन बाण

मोशीत आलो तेव्हा पत्र्याच्या चाळीत आमची एक खोली होती, खोलीत चार माणसं, आणि सगळ्या चाळीला मिळून एकच नळ. टाकीत पाणी असायचं, पण नळाला कुलूप आणि किल्ली घरमालकाच्या करगोट्याला. सकाळी तो यायचा, नळ सोडायचा, स्वतःचे दात घासून होईस्तोवर चालू ठेवायचा, की बंद. वडील चाकणला कंत्राटी कामगार. नाइट करून आले की ग्रीसच्या हातांनी तसेच झोपायचे. आई दोन हंड्यांसाठी भांडायची आणि एक भरून परतायची. टाकीवर मालकानं ऑइलपेंटनं लिहिलं होतं : 'पाणी मालकाच्या मर्जीने मिळेल. तक्रार असल्यास खोली सोडावी. हुकुमावरून.'

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. राज्यशास्त्र, फर्स्ट क्लास. हे मी सांगणारच, फुकट नाही मिळालं. त्या अभ्यासात मला तीन बाण भेटले. हिटलरच्या काळात युरोपात फॅसिस्ट पक्ष भिंतीभिंतीवर आपलं चिन्ह रंगवायचा, तेव्हा विरोधक त्याच्यावरून तीन तिरके बाण ओढायचे. तीन फटकारे, चिन्ह खलास.

एका रविवारी भर दुपारी मी, वडिलांनी खिडकीच्या गजांसाठी आणलेला रेड ऑक्साइडचा लाल रंग घेतला, शिडी लावली आणि मालकाच्या हुकुमावर तीन बाण ओढले. वरून खाली, तिरके.

शेजारच्या काकू खालून म्हणाल्या, "बाण तिकडं कशाला गं? संडास तर इकडं आहे."

"काकू, हे हुकूमशाहीविरुद्ध आहे."

"असू दे. पण नवा माणूस चुकंल ना."

संध्याकाळी मालक आला आणि बाण बघून त्याचा चेहराच उतरला. त्या दिवसांत रस्तारुंदीसाठी पाडायच्या घरांवर पालिकेचे साहेब लाल खुणा करत होते, आणि आमची चाळ बिगरपरवाना. बाण थेट चाळीच्या भिंतीकडं बघत होते.

"लोकांना एक खूण करत्यात राव, मला तीन?"

"मालक, ते मी काढलेत," मी म्हणाले.

"तू गप. पोरगी टाकीवर चढती व्हय? हे सायबाचं काम हाय. रेघ बघ कशी सरळ हाय."

ही तारीफ मी ठेवून घेतली.

त्यानं सगळ्यांना गोळा केलं. "सायब आला तर सांगायचं, चाळ लई चांगली, पानी दिवसभर असतं."

"सांगू की," आई म्हणाली. "पण मला खोटं बोलाया येत नाही. आधी दिवसभर सोडा, मंग सांगते."

मी पुन्हा सांगितलं की बाण माझेच. पुन्हा कुणी ऐकलं नाही. मालकानं किल्ली सोडून आईच्या हातात दिली.

खरी भानगड पुढंच. किल्ली ठेवायची कुणी? तीन खोल्यांतून तीन अध्यक्ष निघाले. एकानं तर फ्लेक्ससाठी गॉगल लावून फोटोही काढला. मग मी उंबऱ्यावर बसून स्वातंत्र्यवादी समाजवाद सांगितला : नळ सगळ्यांचा, वर ना मालक ना सरकार ना अध्यक्ष. जे पाणी भरतात त्यांनीच बसून ठरवायचं, आणि कुणी कुणावर हुकूम करायचा नाही.

"म्हणजे मुकादमच न्हाई?" गॉगलवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग शिव्या घालायच्या कुणाला, ताई?"

"एकमेकांना. पण समोरासमोर बसून."

हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. पहिल्या बैठकीत कपडे कुठं धुवायचे यावरून दोन तास शिव्या झाल्या, आणि ठरलं ते आजतागायत पाळलं जातंय.

साहेब काही आला नाही. काही महिन्यांनी मालकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो किल्ली मागायला आला. सगळी चाळ दारात उभी राहिली.

"अध्यक्ष कोन हाय तुमचा? त्याच्याशी बोलतो."

"कुणीच नाही," गॉगलवाला म्हणाला. "बोलायचं तर सगळ्यांशी बोला."

किल्ली नेमकी कुणाकडं मागायची तेच न कळून मालक निघून गेला. कुलूप आम्ही भंगारात दिलं. आता नळ दिवसभर चालू असतो, आणि पाण्याचं सगळं आम्ही चाळकरीच ठरवतो.