विडा कोणी दिला

जयश्रीबाईंना खुर्चीत बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. सौंसरच्या सार्वजनिक वाचनालयात त्या ग्रंथपाल होत्या, म्हणजे खुर्ची हक्काची. पण तिच्यावर बहुतेक वेळ त्यांची पिशवीच असे. आम्ही पेपर वाचणारी रिकामटेकडी मंडळी टेबलाभोवती बसलेलो, आणि बाई मागून येऊन पंखा बंद करणार, पुन्हा लावणार, कपाट सरकवणार, मग आमच्या पायाखालची सतरंजीसुद्धा झटकायला ओढणार. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती नेमकी कोणासाठी, हे आम्ही एकमेकांना हळूच विचारत असू.

बाईंनी तिशी ओलांडली होती. लग्न दोनदा जमता जमता फिसकटलं, तेव्हा त्यांनीच तो विषय बंद केला. घरी फक्त वडील, रघुनाथराव. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले आणि बोलायचं कामही शाळेतच संपवून आलेले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊ-बहीण कोणी नाही.

वाचनालयात काही ना काही काढायची बाईंना भारी हौस. कधी भुलाबाईच्या गाण्यांची संध्याकाळ, कधी पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या झडत्यांची स्पर्धा, कधी बायकांनी जपून ठेवलेल्या जुन्या रुखवताचं प्रदर्शन. त्या रुखवताच्या आठवड्यात मला पेपर उभ्याने वाचावा लागला. मी तणतणत तक्रार करायला गेलो, तर बाईंनी माझ्याच हातात हातोडी आणि खिळे दिले.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात त्यांनी 'आपलं घराणं' हा कार्यक्रम ठरवला. आमच्याकडची शेतकरी घराणी बहुतेक काटोल-वरुडकडून आलेली. पण आजोबांच्या मागचं विचारलं की जो तो छताकडे बघतो. ते सांगू शकतो फक्त भाट. काही वर्षांनी एकदा तो घरी येतो, अंगणात बसून कोणाचा मुलगा कोण, कोणाची बायको कोणत्या गावची, हे सुरात म्हणतो. लेकीचं नाव मात्र माहेरी घेत नाही. ते तिच्या सासरच्या अंगणात घेतलं जातं, अमक्याची लेक, तमक्या गावची म्हणून. ज्या घरात मुलगा नाही, तिथे तो 'इथं वेल थांबला' म्हणतो आणि पुढच्या घरी जातो.

तिगावजवळ गुलाबराव नावाचे म्हातारे भाट राहत. बाई स्वतः गेल्या, विड्याचं पान हातावर ठेवलं, आमंत्रण देऊन आल्या. गावातली मातबर घराणी निवडलेली होती. त्यात स्वतःचं घर त्यांनी मुद्दाम धरलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी गुलाबराव येऊन पोचले आणि पहिलं काय विचारलं, तर रघुनाथराव कुठे आहेत. भाट इमारतीकडे येत नाही, घराकडे येतो. ज्या हाताने विडा दिला ते घर यजमान, आणि सुरुवात त्याच घरापासून. बाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या घरी विडा द्यायचे ते आजोबा. बाईंचा चेहरा उतरला. दुसऱ्या कोणाच्या हातून विडा देते, तुम्ही त्यांच्यापासून सुरू करा, असं त्या परोपरीने सांगत होत्या.

"बाई, विडा तं मी खाऊन टाकला," गुलाबराव म्हणाले. "आता तो परत कसा देऊ?"

बाई एवढ्या का घाबरल्या, ते त्यांनी मला त्याच दुपारी सांगितलं. आई गेल्यानंतरच्या वर्षी हेच भाट घरी आले होते. 'वेल थांबला' हे शब्द ऐकून रघुनाथराव भरल्या ताटावरून उठून गेले, ते दिवस मावळल्यावरच परतले. बाई स्वयंपाकघरात होत्या. बाबांना मुलगा नसल्याचं दुःख आतून खातंय, असं तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. बापलेकीत त्यावर कधी अक्षर निघालं नाही. आणि आता तेच शब्द सगळ्या गावासमोर ऐकवायची व्यवस्था त्यांनी आपल्याच हाताने केली होती.

कार्यक्रम मोडता येत नव्हता. रिक्षाला भोंगा बांधून गावभर सांगून झालं होतं. शेवटी बाईंनी वडिलांना जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला पाठवलं. रघुनाथराव मुकाट्याने पिशवी घेऊन निघाले. त्यांना मी बसस्टँडच्या वाटेला लागलेलं पाहिलं आणि बाईंना तसं सांगितलंही. तरी त्या दर मिनिटाला दारात जाऊन रस्ता बघत होत्या.

वाचनालय गच्च भरलं. गुलाबरावांनी सूर लावला. मूळ पुरुष आला, त्याचे मुलगे आले, बैलगाड्या घेऊन इकडे उतरलेला पणजोबा आला. बाई माईकची वायर उगाच काढत-घालत होत्या. मग रघुनाथरावांचं नाव आलं, त्यांच्या पत्नीचं माहेर आलं, आणि गुलाबरावांचा आवाज खाली गेला.

"इथं वेल थांबला."

"थांबला काहून म्हणता?"

दाराशी रघुनाथराव उभे होते. ते जामसांवलीला गेलेच नव्हते.

"हे काय, समोर उभी हाय," ते म्हणाले.

गुलाबराव गोंधळले. लेकीचं नाव दिल्या घरी घेतात, असं त्यांनी समजावलं आणि विचारलं, "कोणत्या गावी दिली?"

"कुठंच दिली नाही. मंग तिचं नाव घ्यायले दुसरं अंगण कुठून आणू? इथंच घ्या." रघुनाथराव बाईंकडे वळले. "मागच्या खेपेले हेच बोलायचं होतं, जया. तोंडच उघडलं नाही. सोताचाच राग आला, म्हणून ताटावरून उठलो."

त्यांनी पिशवीत हात घातला. मला वाटलं, मारुतीचा नारळ निघतो. निघाला तो हिरव्या पानाचा विडा. गुलाबरावांनी तो हातात घेतला, बराच वेळ पाहिला. ते नाही म्हणाले असते तर मी त्यांना काय बोललो असतो कोण जाणे. पण त्यांनी विडा तोंडात घातला, सावकाश चावला आणि पुन्हा सूर धरला.

"रघुनाथाची लेक जयश्री, गाव सौंसर."

माझे डोळे भरून आले, ते आता कशाला लपवू. बाईंच्या हातातली वायर गळून पडली. खुर्ची शेजारीच होती, पण त्या वडिलांजवळ सतरंजीवर बसल्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत उठल्या नाहीत.