हेडमास्तरांचं सुवर्णपदक

"विद्वानाला वेळ नसतो," असं म्हणत आमचे हेडमास्तर कोटावरचं पदक उपरण्याच्या टोकाने पुसायचे. वेळ नाही हे सांगण्यातच त्यांचा अर्धा तास जायचा.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पुसदच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. पुण्याच्या एका विद्वत्सभेने त्यांना बंजारा गीतांच्या संग्रहाबद्दल सुवर्णपदक दिलं होतं. असे विद्वान तुम्हीही पाहिले असतील. हे लग्नातसुद्धा पदक लावून जात आणि वाढप्याला ते नीट दिसावं म्हणून पंगतीत जरा मागे रेलून बसत.

त्या गाण्यांसाठी हा माणूस तांड्यावर एकदाही गेला नव्हता. दोन वर्षं दर रविवारी त्यांच्या हुकुमावरून सायकल हाणत जायचो तो मी. गाणी सांगायची एक म्हातारी. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचा. ती गायची, अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगायची, मी लिहून घ्यायचो. लेकीला सासरी धाडतानाचं गाणं सांगता सांगता एकदा ती इतकी रडली, की त्या दिवशी मी वही मिटूनच ठेवली.

प्रस्तावनेत मी तिचं नाव घातलं. हेडमास्तरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

"हे काढा."

"सर, गाणी तिचीच आहेत."

"गाणी कुणाचीच नसतात. विद्वत्सभेपुढे अडाणी बाईचं नाव शोभतं का?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी नाव खोडलं. त्या माणसाचा मला तिटकारा आहे, आणि त्यातला थोडा माझ्याही वाट्याचा आहे.

निवृत्त होऊन ते पुण्याला निघाले, तेव्हा मोटारस्टँडवर शाळेतून मी एकटाच होतो, तोही ट्रंक उचलायला. तेवढ्यात याडी आली. कुणाकडून तरी ऐकून चार कोस चालत आली होती. फडक्यात बांधलेल्या भाकरी तिने हेडमास्तरांच्या खिडकीपाशी धरल्या.

"घे मास्तर, वाटंत खाजो. माह्ये गाने तुनं पुस्तकात लिवले."

"कोण ही बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. "असं होय," म्हणत त्यांनी काच ओढून घेतली. मोटार सुटली.

धूळ बसल्यावर याडी म्हणाली, "काय म्हने रे मास्तर?"

"तुही याद येइन म्हने, याडी."

ती खुलली. फडकं माझ्या हातात देत म्हणाली, "मंग हे तू खाय."

मी तिथेच बसलो. ती समोर बसली आणि शेवटचा तुकडा संपेपर्यंत हलली नाही.