मी मॅडमना चक्केर दाखवली!

चहाचा कप आधी खाली ठेवा, मगच सांगते. मी वर्गात हजेरीलासुद्धा इतकी हळू बोलते, की बाई मला गैरहजर मांडून टाकतात. अशा मुलीनं भरल्या दवाखान्यात काय करून ठेवलं, ते ऐकताना चहा सांडायचा!

झालं असं. काकांचा कुकटपल्लीतला कारखाना बंद पडला. मग काकूनं वस्तीतल्या आरोग्यसेविकेचं ट्रेनिंग घेतलं. नोकरी हवी तर सर्टिफिकेट हवं, आणि सर्टिफिकेटसाठी डॉक्टर मॅडमपुढे परीक्षा. पहिल्या वेळी काकू घाबरून मिठाचं माप साखरेला आणि साखरेचं मिठाला सांगून आली. नापास! आता ही शेवटची संधी.

परीक्षा कसली, नाटकच ते. एकीनं 'आई' व्हायचं. तिच्या बाळाला जुलाब लागलेत असं समजून सेविकेनं तिला मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवायचं. आई आपली आपण आणायची. काकूनं ठरवलेली शेजारची यादम्मा नेमकी त्या दिवशी गावाला लग्नाला निघून गेली.

"स्मिते, तूच चल."

"मी? मी आई?"

"हौ! माझी साडी नेस. बोलायचं काहीच नक्को. नुसती मान हलवायची."

"आणि मॅडमनी विचारलं तर?"

"नाही गं विचारत! गेल्या खेपेला यादम्माला विचारलं का?"

गौलीगुड्याच्या दवाखान्यात व्हरांडाभर बायका. मला बसवेना, उभं राहवेना. निऱ्या सुटतील म्हणून एक हात सारखा कमरेला. भीतीनं सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. त्यात आमच्या आधीची 'आई' मॅडमना म्हणाली, बाळाला टीव्हीत दाखवतात ते काळं कोल्ड्रिंक पाजीन. मॅडम अशा ओरडल्या, की मी काकूच्या मागे सरकले.

मग आम्ही. टेबलावर पाण्याचा जग, दोन बरण्या, चमचा. काकू काय सुरेख बोलली! हात धुण्यापासून मापापर्यंत एक शब्द चुकली नाही. मॅडमनी मान डोलावली, आणि काकूला गप्प राहायची खूण करून माझ्याकडे वळल्या.

"चक्केर उंदा, अम्मा?"

'उंदा' म्हणजे 'आहे का', एवढं तेलुगू मला येतं. चक्कर आहे का? होती की हो! डोळ्यांपुढे काजवे नाचत होते.

"उंदि," मी म्हणाले. आहे.

"एंत उंदि?" किती आहे?

"चाला." खूप!

मॅडम प्रसन्न हसल्या. "एक्कड उंदि?"

कुठे आहे? हा काय प्रश्न झाला? मी डोक्यावर हात ठेवला.

बाकावरच्या बायका फिस्सकन हसल्या. काकूनं माझ्याकडे बघून डोळे मोठ्ठे केले. मला वाटलं, शाबासकीच देतेय!

मॅडमचा आवाज चढला. "चक्केर चूपिंचु!"

चूपिंचु म्हणजे दाखव. चक्कर दाखव? सगळ्यांसमोर? पण नाटकाचीच परीक्षा ना ही? आणि मी नाही दाखवली तर काकूचं सर्टिफिकेट जाणार. मी डोळे मिटले, एक गिरकी घेतली आणि धाडकन आडवी झाले.

"पडिपोयिंदि! अय्यो, पोर पडली!" बाकावरची एक बाई ओरडली.

काकू परीक्षा बिरीक्षा विसरली. बायकांना बाजूला सारलं, माझे पाय उचलून बाकावर ठेवले, आवळलेल्या निऱ्या सैल केल्या. मी डोळे उघडले.

"काकू, मी नाटक..."

"बोलू नक्को! पडून राहा!"

तोवर तिनं मापात मीठ-साखर घालून पाणी ढवळलंसुद्धा. मी तोंड उघडलं की चमचा आत!

"अगं काकू, ऐक..."

"पी!"

जग अर्धा झाल्यावर मला उठवून बसवलं. मी रडवेली होऊन म्हणाले, "मॅडमच म्हणाल्या ना, चक्कर दाखव म्हणून?"

काकूनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, चक्केर म्हणजे साखर! ही बरणी दाखवायची होती, ही!"

"साखर म्हणजे पंचदार ना? आमच्या पुस्तकात तर पंचदार आहे."

"पुस्तकात असेल! इथल्या बाजारात चक्केरच म्हणतात!"

मॅडमना कुणीतरी सगळं समजावून सांगितलं. त्या हसून हसून चष्मा पुसायला लागल्या. मग काकूच्या पाठीवर थाप मारली. माणूस खरंच पडलं असं वाटूनही घाबरली नाहीस, माप चुकली नाहीस, म्हणाल्या. पास!

मी हळूच दाराकडे सरकत होते, तेवढ्यात मॅडमनी हिंदीत विचारलं, "इस बच्ची को तेलुगू कौन सिखाया?"

माझी काकू! फुलून आलेली! ताठ मानेनं आख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "स्कूल में सीखी मॅडम! क्लास में तेलुगू में फर्स्ट आती हमारी स्मिता. इसीलिच तो लाई मैं!"