साडूची लेन्स आणि माझी

दीड वर्ष माहिती काढून मी कॅमेरा घेतला, आणि त्यानंतर महिन्याभरातच माझ्या साडूला कॅमेरा बक्षीस मिळाला. बक्षीस म्हणजे असं, की त्याचं अकोल्यात बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे, आणि कुठल्याशा कंपनीची विक्रीची स्कीम त्यानं पूर्ण केली. आधीच्या वर्षी त्याच रस्त्यानं तो बँकॉकला जाऊन आला होता. या वेळी घरी खोकं आलं. खोक्यात माझ्याच मेकचा, माझ्याहून एक पायरी वरचा कॅमेरा होता आणि त्यावर अठरा ते दोनशेची लेन्स होती.

"दादा, ह्या बटना कायच्या व्हय, सांगा ना," असं त्यानं मला फोनवर विचारलं. मी सांगितलं. सगळ्या सांगितल्या. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "आवाज कावून असा झाला तुमचा? ताप आहे काय?"

मी अमरावतीला कृषी खात्यात आकडेवारीच्या कामाला होतो. शेतात दोरीनं तुकडा आखायचा, तेवढ्यातलं पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून तालुक्याचा उतारा काढायचा, हे आमचं काम. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत कापसाचा आकडा लिहिताना पेन जड व्हायचं. मुंबई-दिल्लीहून पथकं यायची, बातमीदार यायचे, आणि आकडे माझ्याजवळ असल्यामुळे मला त्यांच्या जीपमध्ये बसवून चांदूर रेल्वेकडे, परतवाड्याकडे पाठवायचे. त्यांच्यातल्या एका फोटोग्राफरच्या गळ्यात एक आखूड, जाड लेन्स कायम असायची. बाकीच्या पिशवीत राहायच्या. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, की बाहेर पडताना एकच न्यायची झाली तर ही. एकच न्यायची झाली तर कोणती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला.

पण कॅमेऱ्याचा नाद लागायचं कारण निराळं होतं. माझी आई गेली तेव्हा तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा काढून मोठा करून घेतला. शेजारच्या बाईचा खांदा पुसून टाकला होता आणि तिथं राखेसारखा डाग राहिला. नाक, डोळे सगळं अंदाजानं. भिंतीवर तोच आहे. घरातलं मोठं माणूस म्हणून आता एक सासूबाईच उरल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. त्यांनीच एकदा भाकरी थापता थापता म्हटलं होतं, "माया एक फोटू चांगला काहाडून ठेवा बाप्पा. मागून धावाधाव नोको." तो फोटो मी काढायचा, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. मोठा जावई मी. कॅमेऱ्याचं कळणारा त्या घरात मीच. दुसरं कोण काढणार होतं?

आता दुसरा होता. त्याच्याजवळ दोनशे होते आणि माझ्याजवळ पंचावन्न.

हे आकडे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुन्या फिल्मची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची. आमच्यासारख्यांच्या कॅमेऱ्यात सेन्सर असतो तो साधारण चोवीस बाय सोळाचा. म्हणजे लेन्स जे दाखवते त्याचा मधलाच भाग आपल्या वाट्याला येतो. म्हणून लेन्सवरच्या आकड्याला दीडनं गुणायचं. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली माझी लेन्स अठरा ते पंचावन्न, म्हणजे गुणून सत्तावीस ते साडेब्याऐंशी. आकडा लहान तेवढं जास्त मावतं, मोठा तेवढं लांबचं जवळ येतं. साडूची तीनशेपर्यंत जात होती. अंगणाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाच्या पापण्या दिसाव्यात, एवढी.

रोज गळ्यात राहील अशी एक नवी लेन्स घ्यायचं मी ठरवलं, आणि कामाच्या सवयीनं ठरवलं. प्रत्येक फोटो कितीच्या आकड्यावर काढला ते कॉम्प्युटरमध्ये दिसतं. एका रविवारी मी तोवरचे सगळे फोटो उघडले आणि आकड्यांप्रमाणे वर्गवारी केली. आमच्याकडे उताऱ्याचे गट पाडतात तशी. मधल्या आकड्यांवर फार थोडे निघाले. बरेचसे अठरावर होते, आणि त्याहून जास्त थेट पंचावन्नवर. पंचावन्नला लेन्स संपते. म्हणजे मी दर वेळी आणखी पुढं जायला बघत होतो आणि लेन्स मला थांबवत होती. गावातली माणसं, पारावरच्या बाया, बैलाच्या डोळ्यावरची माशी, सगळं पंचावन्नला अडलेलं.

याचा अर्थ शाळकरी मुलानंही सांगितला असता. मला अठरा ते दोनशेच हवी होती.

नोकरीत मी एकही आकडा कुणाच्या सांगण्यावरून बदललेला नाही. साहेबांनी डोळे वटारले तरी नाही. त्या रविवारी मात्र मी स्वतःची वर्गवारी बाजूला सारली, कारण तिनं साडूच्या लेन्सकडे बोट दाखवलं होतं. त्याला जी फुकट आली ती मी नागपूरहून विकत आणायची, आणि सगळ्यांनी म्हणायचं, मोठ्या जावयानं लहान जावयाचं पाहून घेतली! मग मी कारणं शोधायला लागलो. शोधली की सापडतात. एवढ्या लांब पल्ल्याची लेन्स सगळ्या पल्ल्यावर सारखी धारदार राहत नाही. लांबच्या टोकाला ती प्रकाश कमी घेते, घरात फोटो हलतो. त्याऐवजी सतरा ते पन्नासची एक मिळते, जिचं तोंड सगळीकडे दोन पूर्णांक आठपर्यंत उघडतं. हा आकडा लहान तेवढं तोंड मोठं; साडूची दोनशेला पाच पूर्णांक सहावर थांबते. म्हणजे माझ्या लेन्सला चौपट प्रकाश. चौपट! हा शब्द मी बायकोला दोनदा सांगितला.

"पन आहे त्याच्याहून लांबचं दिसन काय तिच्यातून?" तिनं विचारलं.

"नाही. थोडं कमीच."

"मंग?"

"धार आहे तिला."

"धारेचं काय करता? भाजी चिरता काय?"

नागपूरहून लेन्स आली. मी घराच्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि एकेक आकड्यावर फोटो काढले. बाजारभावाच्या पानावरची बारीक अक्षरं कोपऱ्यापर्यंत वाचता येत होती. साडू कामासाठी अमरावतीला आला तेव्हा त्याचीही लेन्स मी त्याच स्टुलावर ठेवून तपासली. त्याची अक्षरं कोपऱ्यात विरघळली होती. मी त्याला मोठं करून दाखवलं. तो वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "हाव ना दादा, खराच फरक आहे. पन पेपरचा फोटू काहाडाचा कायले? पेपर तं घरी येतेच." आणि तो खरोखरच मजेत चहा प्यायला लागला. मला त्याचा राग आला तो याचाच. त्याला कशानं वाईटच वाटत नव्हतं.

त्याच वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून वाण देतात, आणि मामी गेली कितीतरी वर्षं दोघांना एकाच दिवशी आपल्या अकोल्याच्या घरी बोलावत आल्या आहेत. दोघांना पाट, दोघांना तांब्याचं ताट, त्यात तेहतीस तेहतीस अनारसे आणि वर दिवा. कोणाच्या ताटात एक कमी गेला असं व्हायला नको म्हणून त्या स्वतः मोजतात. आम्ही शेजारी शेजारी बसलो. माझा कॅमेरा पिशवीत होता. साडूचा पोटावर लटकत होता आणि तो बसल्या बसल्या आपल्याच पायाचे, दिव्याचे, पोरांचे फोटो काढत होता. "लहाने जवाई, जेवा आंधी," असं मामी म्हणत होत्या, पण हसून म्हणत होत्या.

जेवणं झाल्यावर मी मामींना मागच्या दाराजवळच्या उजेडात खुर्चीवर बसवलं. पदर नीट करायला सांगितला. हनुवटी जरा खाली. नजर इकडे. खांदा थोडा तिरपा. उजेड मोजला, पुन्हा मोजला. त्या रेशन कार्डाच्या रांगेत बसल्यासारख्या बसल्या. मी बरेच फोटो काढले आणि छोट्या पडद्यावर मोठे करून पाहिले. डोळ्याखालची एकेक रेघ मोजावी असे होते. धार पाहिजे तिथं होती. तरी कुठंतरी अडत होतं. मला वाटलं, मी फार जवळ आहे. पन्नासला गुणून पंचाहत्तर, आणि मला त्या कमरेपर्यंत हव्या होत्या, चौकटीत वर-खाली जागा सोडून. मागं सरकायला किती जागा आहे ते पाहावं म्हणून मेव्हणीच्या शिलाई मशीनवरची टेप आणली आणि तिचं टोक मामींच्या खांद्याशी धरलं.

मामींनी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जवाईबुवा, कायचं माप घेऊन राहिले? झंपर शिवता काय मले?"

आणि त्या हसल्या. डोळे मिटेपर्यंत हसल्या. एक हात तोंडाकडे नेला, तो मध्येच राहिला. मी खाली वाकलो होतो, हातात टेप, कॅमेरा गळ्यात उलटा. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, हात धुवायच्या जागेपाशी साडू उभा होता. त्याचा कॅमेरा वाजला.

संध्याकाळी सगळ्यांचे फोटो टीव्हीवर लावले. आधी माझे. "साफ आहे," मेव्हणी म्हणाली. "लय साफ आहे." मग साडूचे आले आणि त्यात तो आला. मामी सोफ्यावर पुढं सरकल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हा लावा माया. मागून नोको, आताच लावा. जितेपनी पाहू द्या मले."

मी म्हणालो, "मामी, हा हललेला आहे थोडा. मोठा केला तर फाटेल, धूसर दिसेल."

"कुठी हालला?"

मी उठून पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. पापण्यांपाशी, कानाच्या पाळीपाशी. मी खरं तेच सांगत होतो. दोनशेचा आकडा, कमी प्रकाश, जेवून सुस्तावलेला हात. फोटो हललाच होता.

"मले तं सारखंच दिसते बाप्पा."

साडू म्हणाला, "दादा म्हन्ते तं हालला असन. दादाचाच लावा, मामी." हे तो मनापासून म्हणाला, म्हणून मला ते आणखी लागलं. बायको माझ्याकडे न पाहता म्हणाली, "फोटू फाटून राहिला का तुमी, ते पाहा आंधी." सगळे हसले. मीही हसलो. हसण्याशिवाय दुसरं काय करणार होतो?

पण मामींनी काम मलाच दिलं. "छापून तुमीच आना. तुमाले कयते त्याच्यातलं." साडूचा फोटो छापून आणायला मी.

अमरावतीच्या लॅबमध्ये मी बारा बाय अठराचा आकार सांगितला. लॅबवाल्या चाचांनी तो पडद्यावर उघडला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाले, "अम्मा हैं किसी की?" सासूबाई आहेत म्हटलं. मग त्यांनी उजव्या कडेला बोट ठेवलं. तिथं एक हात होता, मनगटापासून पुढचा, पिवळी टेप धरलेला. "साहेब, ये हाथ काट दूँ? फोटो साफ हो जाएगा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी दुसऱ्या कुणाचा फोटो तपासत असतो तर तेच सांगितलं असतं. कडेला अर्धवट हात ठेवू नये, नजर तिकडे जाते. कापायचं तर जेमतेम एक बोटभर कापायचं होतं आणि मामींना काही धक्का लागत नव्हता. पडद्यावर त्या हसत होत्या, आणि ज्या बाजूला हसत होत्या त्या बाजूला तो हात होता. माझ्या धारदार फोटोंत त्या कॅमेऱ्याकडे पाहत होत्या. या हललेल्या फोटोत त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"राहू द्या," मी म्हणालो.

"अच्छा नहीं दिखता साहेब."

"राहू द्या, चाचा."

बारा बाय अठरा छापल्यावर तो फाटला नाही. हाताच्या अंतरावर धरला की पापण्या जराशा मऊ दिसतात. भिंतीवर कोणी हाताच्या अंतरावरून फोटो पाहत नाही, एवढं माझ्या लक्षात यायला हवं होतं. मामींच्या घरी समोरच्या खोलीत तो लावला. खिळा साडूनं ठोकला, सरळ आहे की नाही ते मी पाहिलं. मामी रोज त्याच्याखाली बसून भाजी निवडतात.

येणारा जाणारा विचारतो, फोटो कुणी काढला? मामी सांगतात, लहान्या जवायानं. मी तिथं असलो तर पुढं जाऊन फोटोजवळ उभा राहतो, पापण्या पाहिल्यासारखं करतो. हात कोणाचा, हे अजून कोणी विचारलेलं नाही.