सासऱ्यांनी बंद केलेली शर्यत

लग्न ठरताना माझी एकच अट होती, आणि ती मी कोणालाच सांगितली नव्हती: मोसमाची पहिली शर्यत मी चुकवणार नाही. फॉर्म्युला गाड्यांचं हे वेड मला कॉलेजात लागलं. हिवाळ्यात शर्यती बंद असतात, तेव्हा मी उगाचच चिडचिड करते. नवऱ्याला हे लग्नानंतर कळलं, बिचाऱ्याला.

यंदाची पहिली शर्यत ऑस्ट्रेलियात, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी. घरात टीव्ही एकच, हॉलमध्ये, आणि रविवारी त्यावर सासऱ्यांचं राज्य. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टवर गेलेला. शेवटी धीर करून मीच विचारलं, "बाबा, आज गाड्यांची शर्यत लावू?"

"लाव नं. पटच आहे नं तो बी?"

बाबा भिवापूरकडचे. शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे, जुने शौकीन. तिथे जोडी सुटली की डोळ्याचं पातं लवेपर्यंत निकाल लागतो. तर्री-पोह्यांची बशी घेऊन ते माझ्या शेजारी बसले. "आपली कोणती?"

मी दाखवली. शेवटून दुसरी. माझा ड्रायव्हर आता वयस्कर झालाय, टीम तर रडकीच. पण मी माणूस बदलत नाही.

गाड्या निघाल्या. ही नुसती टायर गरम करायची फेरी असते. ती संपवून सगळ्या पुन्हा आपापल्या जागी येऊन थांबतात आणि मग खरी शर्यत सुटते. हे बाबांना सांगायचंच राहिलं. ते उभे राहून "हाण! हाण!" करत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मीही ओरडत होते. गाड्या येऊन थांबल्या. बाबा खाली बसले. "आपली मागंच राहिली वं बाई. जाऊ दे, दिल छोटा नको करू," म्हणाले आणि रिमोट उचलून त्यांनी टीव्ही बंद केला.

"बाबा! काय करून राहिले तुम्ही!"

एवढ्या जोरात मी माहेरीही कधी ओरडले नव्हते. स्वयंपाकघरातला सासूबाईंचा झारा थांबला. या घरात येऊन मला जेमतेम एक हिवाळा झाला होता, आणि सासऱ्यांवर आवाज चढवणारी इथली मी पहिलीच असणार. शर्यत गेली खड्ड्यात, आता या घरात माझी काय किंमत राहणार, हीच धास्ती.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "संपला नाही का पट?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी रिमोट माझ्या हातात ठेवला.

टीव्ही सुरू होईपर्यंत लाल दिवे विझून गाड्या सुटल्याही होत्या. त्याची हळहळ मला अजून आहे. त्यानंतर बाबा हाताची घडी घालून बसले. रागावलेत की बघताहेत, कळेना. इकडे माझा म्हातारा मात्र पेटला होता. दोन गाड्या एका वळणावर आपटल्या, एकीचं इंजिन बसलं, पुढच्या काहींना त्याने एकेक करून मागे टाकलं आणि शेवटच्या फेरीत दहावा आला. दहाव्याला एक गुण मिळतो! मी सोफ्यावर उभी राहून नाचले, रडले. सासरे शेजारी आहेत हेही विसरले.

"कितवा आला?" बाबांनी विचारलं.

"दहावा!"

"दहावा येऊन इतकी नाचून राहिली?"

"शेवटून दुसरा सुटला होता, बाबा!"

बाबांनी फोन काढून भिवापूरला मोठ्या भावाला लावला. ते नेहमी स्पीकरवरच बोलतात.

"भाऊ, आपल्या पोरीची जोडी आली गा! पार मागून सुटून दहावी!"

"पोरीची?" पलीकडून काका चक्रावले. "तुले पोरगी केव्हा झाली गा?"

"झाली नं आता," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "चांगली ओरडते माह्यावर."